दुपारी माय कुठं बसते

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागून तीन-चार दिवस झाले होते. शाळेला सुट्या होत्या, म्हणून मी न कळवताच गावी गेले. वर्ध्याहून फाट्यापर्यंत एसटीनं आणि तिथून पुढं पायी. अडीच वाजले असतील. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. घराला नुसती कडी लावलेली. दोनदा हाक मारली, परसात पाहिलं, न्हाणीत पाहिलं. शेवटी शेजारच्या काकू त्यांच्या छपरीतूनच बोलल्या, "गोठ्यात पाय वं. तुही माय दुपारची गोठ्यातच रायते."

आमचा गोठा म्हणजे चार बल्ल्या, तीन बाजूंना तुऱ्हाटीचा कूड आणि वर गवत. एका कोपऱ्यात गाय रवंथ करत बसली होती. तिच्यापासून चार हातांवर बाज, आणि बाजेवर माय. डोक्यावर ओलं फडकं, बाजेखाली पाण्याची गुंडी. बहात्तर वर्षांची माझी माय, जिचं गावात तीन खोल्यांचं स्वतःचं घर आहे, ती गाईच्या शेजारी झोपली होती. मला पाहून उठून बसली, आधी पदर सारखा केला आणि मग म्हणाली, "घरात बसवत नाई वं. भट्टी लागते. इथं बरं हाय, गाईची सोबत होते."

त्या घराची भट्टी मीच केली होती.

आमचं घर आजोबांनी बांधलं. भिंती मातीच्या, दीड हात रुंद. वर सागाचे मयाल, त्यावर बांबूचे फाटे आणि फाट्यांवर नळीचे कवेलू, म्हणजे कौलं. कवेलूची रांग दुहेरी असते. खालचा उताणा, वरचा पालथा. दोघांच्या मधे पोकळी राहते आणि फटी तर हजार. चुलीचा धूर त्याच फटींतून निघून जायचा आणि दुपारची तापलेली हवाही. भिंतींचं काम वेगळं होतं. दुपारचं ऊन बाहेरच्या अंगाला लागलं तरी त्याची धग आतल्या अंगाला पोचेपर्यंत रात्र व्हायची. तोवर दारं-खिडक्या सताड उघडी असायची आणि आम्ही अंगणात बाजा टाकून झोपलेलो असायचो. घरात पंखा नव्हता तेव्हाची ही गोष्ट. दुपारी आई जमीन सारवून ठेवायची, आणि आम्ही भावंडं त्या ओलसर जमिनीवर पोट टेकवून पडायचो. वर्ध्याचा मे तेव्हाही वर्ध्याचाच मे होता.

पण असं घर दरवर्षी हात मागतं. मृगाच्या आधी कवेलू फेरावे लागायचे. फुटलेले काढायचे, सरकलेले जागेवर बसवायचे, काडी-कचरा झाडायचा. बाबा आढ्यावर, शेजारचे दोघं उतारावर आणि आम्ही मुलं खालून हातोहात कवेलू देणार. आज आमच्याकडं, उद्या काकांकडं, परवा पलीकडच्या गल्लीत. पैशाचा व्यवहार नव्हता. चहा आणि दुपारची भाकर एवढंच. बाया तेवढ्यात भिंती पोतारून घ्यायच्या. बाबा गेले, काका गेले, भाऊ पुण्याला गेला. गावात कवेलू करणारं कुंभाराचं शेवटचं घरही केव्हाच विटांकडं वळलं.

आणि वानरं. विदर्भाबाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला नवल वाटतं, पण आमच्याकडची निम्मी कवेलूची घरं वानरांनी संपवली. रानात खायला उरलं नाही म्हणून टोळ्या गावात येतात. पंधरा-वीस वानरं एका छपरावरून दुसऱ्यावर उडी मारतात, आणि एका उडीत चार-पाच कवेलू जातात. दोन पावसाळे मायनं घरात सात ठिकाणी भांडी ठेवून काढले. तिसऱ्या वर्षी मी पतसंस्थेतून कर्ज काढलं आणि कवेलू उतरवून टिनं टाकली. माय एवढंच म्हणाली होती, "टिनानं घर तापते म्हणतात." मी म्हटलं, पंखा लावू, कूलर घेऊ. माझ्या मनात त्या वेळी फक्त गळती होती.

टिनाची गोष्ट अशी की तो उष्णता धरून ठेवत नाही, सरळ खाली फेकतो. दुपारी दोन वाजता खोलीत उभं राहिलं की टाळूवर कोणी तवा धरलाय असं वाटतं. भिंती जुन्याच होत्या, दीड हात रुंद, पण आता धग भिंतीतून येतच नव्हती. ती वरून येत होती. छताला लावलेला पंखा पत्र्याखालची तीच तापलेली हवा खाली ढकलायचा. मग कूलर घेऊन दिला. कूलर चांगला चालला, पण त्याला पाणी लागतं. दिवसभर चालवला तर साठ-सत्तर लिटर सहज पितो, आणि आमच्या गावात मे महिन्यात नळ दोन दिवसांआड येतो. माय म्हणाली, "मी हंडे भरून आणू आन् कूलरले पाजू का?" तिनं तो बंद करून त्यावर चादर टाकली. बिलाचाही प्रश्न होताच. कूलरचा पंखा आणि मोटर मिळून दोनशे वॅट धरले तर दहा तासांचे दोन युनिट, महिन्याचे साठ. घरातला बाकीचा वापर मिळवला की शंभर युनिटची रेघ ओलांडली जाते, आणि महावितरणचा शंभराच्या आतला दर आणि एकशे एकच्या पुढचा दर यांत दुपटीचं अंतर आहे. विधवा पेन्शनवर आणि अडीच एकर कोरडवाहूवर जगणाऱ्या बाईला हे गणित कोणी शिकवावं लागत नाही.

चंद्रपूरचं महाऔष्णिक वीज केंद्र २,९२० मेगावॅटचं, महानिर्मितीचं सर्वांत मोठं. नागपूरजवळ कोराडी आणि खापरखेडा आहेत. कोळसा वणी, बल्लारपूर, उमरेडच्या खाणींतला. ज्या मुलखात ही वीज तयार होते, त्याच मुलखात एक म्हातारी बिलाच्या भीतीनं कूलरवर चादर टाकून गोठ्यात जाऊन झोपते. मला हे फार लागतं. रेल्वेनं चंद्रपूरकडं जाताना त्या चिमण्या दिसल्या की दर वेळी लागतं.

त्या भेटीत गावातल्या एका पदाधिकाऱ्यानं मला समजावलं की, मॅडम, घर पाडा आणि घरकुलात नाव टाका. तो वाईट माणूस नाही, त्यानं मदत म्हणूनच सांगितलं. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण २०१६ साली आली. सपाटीच्या भागात घरामागं १ लाख २० हजार रुपये, हप्त्याहप्त्यानं. आमच्या गावात त्यातून पुष्कळ घरं झाली, आणि ज्या बायांनी पावसाळ्यातल्या कित्येक रात्री छत्री धरून काढल्या, त्यांना त्या घरानं पक्कं दार, पक्की भिंत दिली. विंचू-सापाची भीती गेली. घरकुलाबद्दल वाईट बोलायला माझी जीभ रेटत नाही. पण मी हेही पाहिलं आहे की एका घराला पहिला हप्ता मिळाला म्हणून जुनं मातीचं घर पाडलं, आणि पुढचा हप्ता येईपर्यंत पाच माणसं ताडपत्रीखाली राहिली. घर झालं, स्लॅब पडला आणि आता त्या घरातली माणसं उन्हाळ्यात रात्री बारापर्यंत आत पाऊल टाकत नाहीत, कारण दिवसभर प्यालेली धग स्लॅब रात्री परत देतो. जुन्या घराच्या भिंती पाडून ती माती गावाबाहेर टाकली गेली. दीड हात रुंदीची, तीन पिढ्या टिकलेली माती.

तेव्हापासून एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याकडं घर पाडून नवं बांधायला पैसा आहे, उभं असलेलं घर सांभाळायला नाही. २०१८ साली केंद्रानं घरांसाठी ऊर्जा बचतीची संहिता आणली, इको निवास संहिता. ती तेव्हा ५०० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींसाठी होती. २०१९च्या कूलिंग अॅक्शन प्लॅनमध्ये सगळ्यांना सुसह्य घर मिळावं असं लिहिलं आहे, चांगलंच लिहिलं आहे. पण माझ्या मायच्या घराच्या आकाराचं, तिच्या उत्पन्नाचं, तिच्या छपराचं कलम मला कुठं सापडलं नाही.

शोधता शोधता मी फार लांब जाऊन पोचले. अमेरिकेत १९७३च्या तेलटंचाईनंतर गरीब घरांना थंडीत घर गरम ठेवणं परवडेना. तेव्हा १९७६ साली तिथं कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी वेदरायझेशन नावाचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला आणि तो आजही चालू आहे. नवं घर द्यायचं नाही, आहे तेच नीट करून द्यायचं, घरमालकाकडून पैसे न घेता, आणि हे काम करायचं त्या त्या भागातल्या स्थानिक संस्थांनी. त्यांची माणसं येतात, दाराच्या चौकटीत एक मोठा पंखा बसवतात आणि त्यानं घरातली हवा बाहेर खेचून कुठल्या फटीतून थंडी आत शिरते ते शोधतात. मग फटी बुजवतात, माळ्यावर उष्णता अडवणारा थर घालतात, शेगडी-बॉयलर तपासतात. आमचं सगळं उलटं आहे. त्यांना फटी बुजवायच्या, आणि आमचं घर थंड होतं ते फटींमुळंच. पण त्यांनी आधी घर तपासलं आणि मग औषध दिलं, ते मला फार पटलं. कोणी तरी घरात येऊन विचारतं, तुम्हाला नेमकं कुठून सोसावं लागतं?

जवळची उदाहरणंही मिळाली. अहमदाबादला २०१० सालच्या मे महिन्यात पारा ४६.८ अंशांवर गेला आणि शेकडो माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथं देशातला पहिला उष्माघात कृती आराखडा झाला. तिथंच कष्टकरी बायांच्या 'सेवा' या संघटनेतून १९९४ साली उभी राहिलेली महिला हाउसिंग ट्रस्ट वस्त्यांमधल्या बायांना घेऊन पत्र्याची आणि स्लॅबची छपरं पांढरी करण्याचं काम करते. तेलंगणानं २०२३ साली थंड छपरांचं धोरणच केलं. नागपूर महापालिकेनंही उष्म्याचा आराखडा केला आहे. पण हे बहुतेक सगळं शहरातलं. गावाकडं उष्माघाताची सूचना येते ती अशी की दुपारी बारा ते चार घरात राहा. माझी माय बारा ते चार घरातून बाहेर पळत होती.

हे सगळं मी मायच्या बचत गटाच्या बैठकीत सांगितलं. व्याख्यान द्यायला गेले नव्हते. मायचा हप्ता भरायला गेले होते, आणि विषय निघाला कारण त्या दिवशी पोचायला उशीर झालेल्या एका वहिनींना उन्हानं भोवळ आली होती, तीही चुलीपाशी, स्वतःच्या टिनाच्या स्वयंपाकघरात. अकरा बायांचा गट. त्यांपैकी सात जणींच्या घरावर टिनं, दोघींचं घरकुल, दोघींचे अजून कवेलू. मी मोबाइलवर पांढऱ्या छपरांचे फोटो दाखवले. गटाच्या अध्यक्ष असलेल्या मावशींनी फोटो लांब धरून पाहिला आणि म्हणाल्या, "चुनाच त हाय. आपल्याले कोन शिकवाव चुना?"

आणि तिथंच आम्ही पहिली चूक केली. कळीचा चुना आणला, टाकीत पाणी घालून विरवला. चुना पाण्यात पडला की उकळतो, वाफा येतात, जवळ पोरंसोरं नको असतात. रात्रभर ठेवला, लुगड्याच्या फडक्यातून गाळला, थोडा सरस घातला आणि तीन टिनाच्या घरांवर आणि घरकुलाच्या स्लॅबवर फासला. चार दिवस छान होतं. आठव्या दिवशी वावटळ आली आणि पापुद्रे निघून अंगणात पडले. उरलासुरला मृगाच्या पहिल्या सरीत धुऊन गेला. ज्यांच्या घरकुलाच्या स्लॅबवर लावला होता तिथं मात्र चुना धरला. सिमेंट चुना धरतं, गुळगुळीत टिन धरत नाही. टिनासाठी वेगळा रंग मिळतो, पण त्याचा डबा महाग पडतो. एका घराचे पैसे जमवले तरी सात घरांचे कुठून आणायचे? बैठकीत चिडचिड झाली. एक जण म्हणाली, शिकलेल्या बाईच्या नादी लागून पैसे गेले. मी ऐकून घेतलं. तिचे दीडशे रुपये गेले होते, आणि दीडशे रुपये म्हणजे तिची निंदणाची एका दिवसाची मजुरी.

वाट मायनं काढली. गोठ्यात बसून बसून तिच्या ध्यानात आलं होतं की गोठा थंड आहे तो छपराच्या जाडीनं. टिन काढायचं नाही. वानरं आहेत, पाऊस आहे. टिनाच्या खाली गोठ्याचं छप्पर बांधायचं. तिनं हे हातानं करून दाखवलं, एक तळहात वर, एक खाली, मधे वीतभर जागा. "वरच्यानं पानी अडवाव, खालच्यानं ऊन."

आमच्या शेजारच्या गावात एक बुरड आजोबा आहेत. लग्नसराईत सुपं-टोपल्या आणि बाकी वर्षभर रोजमजुरी असं त्यांचं चाललं होतं. त्यांनी बांबूचे तट्टे विणून दिले, खोलीच्या मापाचे. तट्टे फाट्यांना तारेनं बांधले, पत्र्यापासून वीतभर खाली. मग गारा. पांढरी माती, गाईचं शेण आणि गव्हाचं कुटार, म्हणजे भुसा. दोन दिवस भिजवून पायानं तुडवायचं. कुटार कमी पडलं तर वाळल्यावर भेगा जातात, जास्त पडलं तर गारा धरत नाही आणि थर खाली लोंबतो. हे प्रमाण कुठल्या पुस्तकात मिळणार नाही. माय मूठ दाबून पाहते, बोटांच्या फटीतून गारा कसा निघतो त्यावरून सांगते. तट्ट्याला तो थर खालून-वरून लावला, वाळल्यावर चुन्यानं पोतारला. इथं चुना मस्त धरला. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत, अगदी आढ्याखाली, एकेक मोखळं पाडलं म्हणजे पत्र्याखाली कोंडलेली हवा निघून जाईल. मोखळ्यांना जाळी लावली, साप-उंदरांसाठी. तीन खोल्यांचा खर्च साडेअकरा हजार आला. त्यातले निम्म्याहून जास्त बुरड आजोबांच्या हाती गेले.

मी शाळेतून आणलेला थर्मामीटर बाजेच्या उशाशी, झोपलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर टांगला होता. काम होण्याआधीच्या आठवड्यात आणि नंतरच्या आठवड्यात दुपारी तीनला आकडा लिहिला. बाहेरचं ऊन सारखंच असलेले दिवस निवडून पाहिलं तर चार अंशांचा फरक होता. चार अंश ऐकायला थोडे वाटतात. त्या चार अंशांत माय घरात झोपू लागली.

पण मायला मी पैसे देऊ शकत होते. बाकीच्या दहा जणींचं काय, हा खरा प्रश्न होता. मी एका बँकेत चौकशीला गेले. घरदुरुस्तीचं कर्ज मिळतं, पण घराचे कागद लागतात. आमच्या गावठाणातल्या बहुतेक घरांचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८ आणि कराची पावती. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणं मोजून मिळकतीच्या सनदा देण्याचं काम सुरू आहे, पण कागद हाती आला तरी त्यावर नाव कोणाचं? गटातल्या चार जणी विधवा. एकीचं घर अजून मेलेल्या सासऱ्याच्या नावावर, एकीचं दिरासोबत सामाईक. घर तिचं आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. तिनं ते चाळीस वर्षं सारवलं आहे. कागदाला ते माहीत नाही. गरीब माणसाच्या घरासाठी कुठलीही योजना आखायची असेल तर सुरुवात इथून व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. कागदाच्या अटीवर अडवलं की सगळ्यात तापलेलं घर सगळ्यात आधी यादीतून गळतं.

शेवटी गटानं स्वतःच्याच शिल्लकेतून कर्ज द्यायचं ठरवलं, शेकडा एक रुपया व्याजानं, कापूस विकल्यावर फेड. आणि मजुरी आपसात. आज हिच्या घरी सगळ्या, पुढच्या शनिवारी तिच्या. गारा तुडवायचा, तट्टे धरायचे, भाकर जिच्या घरी काम तिच्याकडं. हे बोलणं चाललं असताना मला एकदम बाबांचं कवेलू फेरणं आठवलं आणि घसा दाटून आला. कोणाच्याही योजनेत नसलेली ही रीत बायांना आठवण करून द्यावी लागली नाही, ती त्यांच्या अंगातच होती.

पहिलं घर कोणाचं, यावर खरा वाद झाला. वर्गणी आधी भरली तिचं आधी, असं एकीचं म्हणणं. मावशींनी वही मागवली. माझा थर्मामीटर आठवडाभर सगळ्या घरांत फिरवला होता. आठवीतल्या दोन मुलींनी दुपारी तीन आणि रात्री दहा असे आकडे लिहिले होते. पण नुसत्या आकड्यावर ठरलं नाही. जिच्या सुनेला सातवा महिना होता तिचं घर पहिलं ठरलं, जिच्या नवऱ्याला अर्धांगवायू आहे तिचं दुसरं. त्याचा अर्धा देह बाजेवर आहे, तो गोठ्यात जाऊन बसू शकत नाही. ज्यांनी आधी पैसे भरले होते त्यांनीच माना डोलावल्या. त्या दोन मुलींचा आकडा या बायांना दुजोरा म्हणून हवा होता. निवाडा त्यांनी स्वतः केला.

पंख्यांचंही तेव्हाच केलं. जुना पंखा ७५ वॅटचा, नवा, कमी वीज खाणाऱ्या मोटरचा बीएलडीसी पंखा तीसच्या आतबाहेर. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट वाचतात, आणि संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाही तो फिरतो. छप्पर आधी, पंखा मग, हा क्रम मात्र सोडायचा नाही. तापलेल्या टिनाखाली कितीही चांगला पंखा लावला तरी तो धगच वाटत राहतो. सोलरचंही विचारतात. २०२४ मध्ये सूर्यघर योजना आली, एका किलोवॅटला ३० हजारांचं अनुदान आहे. पण उरलेले पैसे आधी घालावे लागतात, आणि वाकलेल्या फाट्यांवरच्या टिनावर पॅनेल बसवायला कोणी मिस्त्री तयार होत नाही. इथंही प्रश्न जुन्या छपराचाच येतो.

दरवर्षी मी पोरांची सहल सेवाग्रामला नेते. गांधीजी १९३६ मध्ये तिथं राहायला आले तेव्हा गावाचं नाव शेगाव होतं. बापूकुटीच्या भिंती कुडाच्या, मातीनं लिंपलेल्या, वर कवेलू. मुलं आत शिरली की पहिलं वाक्य हेच असतं, किती थंड आहे! पूर्वी मी त्यांना साधेपणाबद्दल सांगायची. आता मी त्यांना वर बघायला सांगते, भिंतीला हात लावायला सांगते. नव्वद वर्षांची ही कुटी उभी आहे ती तिला दरवर्षी कोणाचा तरी हात लागतो म्हणून. तिची माती लिंपली जाते, तिचे कवेलू फेरले जातात. वर्ध्यातच सत्तरच्या दशकात देवेंद्रकुमारांनी सेंटर ऑफ सायन्स फॉर व्हिलेजेस उभं केलं आणि माती, बांबू, कवेलू यांवर गावच्या माणसाला परवडेल असं काम केलं. ज्ञान आमच्या दारात होतं, पाऊण तासाच्या एसटीच्या अंतरावर. ते मायच्या घरापर्यंत आलं नाही, कारण ते घेऊन येणारं कोणी नेमलेलं नव्हतं. गावागावांत ग्रामरोजगार सेवक आहे, आशाताई आहे, कृषी सहायक आहे. उभ्या घराची नाडी पाहणारी एक ताई का असू नये? तिच्या पिशवीत एक थर्मामीटर, एक मोजपट्टी आणि बुरडाचा फोन नंबर असला तरी पुष्कळ होईल. ग्रामसभेत मी हे दोनदा मांडलं आहे. नोंद झाली आहे. या वेळी तिसऱ्यांदा मांडणार, आणि या वेळी वही सोबत नेणार.

आजवर सहा घरं झाली. एका घरात वाळवी लागली. त्या घरच्या बांबूंना चुन्याचं पाणी पाजायचं राहून गेलं होतं. तो तट्टा बदलावा लागला, आणि तेव्हापासून बांबू आधी भिजवून ठेवतात. कवेलूवाल्या दोघींनी ठरवलं की टिनं टाकायची नाहीत. वानरांसाठी कवेलूवर माशांच्या जाळ्यासारखं नायलॉनचं जाळं ताणून पाहिलं आहे. अजून टिकलं आहे. बुरड आजोबांचा नातू नागपूरला कामाला होता, तो या उन्हाळ्यात हाताखाली आला.

काल रविवार. दुपारी तीनला मायला फोन लावला. पूर्वी या वेळी फोन उचलायला ती गोठ्यातून घरात यायची आणि तोवर रिंग संपून जायची. काल दुसऱ्या रिंगला उचलला. आवाजामागं बायांचा कलकलाट होता. म्हटलं, झोपली नाहीस? म्हणाली, "झोपून उठलो. काकूच्या घरी तट्टे आले आज. पोरींनी गारा तुडवला, पन कुटार कमी टाकलं दिसते, मले जाऊन पाहा लागते. ठेव तू फोन, सांजच्याले लावजो."